रेसमधून निघालेला घोडा इव्हेंटिंगसाठी घ्यावा का? (इंदूर)

रिकीब_इंदूर

नमस्कार. मी इंदूरची, राऊकडे एका क्लबमध्ये राइड करते. शाळेत शिकले होते मग नोकरीमुळे खंड पडला आणि आता परत नेमाने जातेय. तर आमच्या सरांच्या ओळखीतून पुण्याचा एक घोडा मिळतोय. थरोब्रेड (रेससाठी पैदास होते ती जात), गेल्डिंग (खच्ची केलेला), सहा वर्षांचा, पुण्या-मुंबईत पळालाय, एक-दोन रेस जिंकला पण आता मागे पडायला लागला म्हणून मालकाला ठेवायचा नाहीये. डार्क बे, कपाळावर छोटासा पांढरा ठिपका, व्हिडिओत इतका देखणा दिसतो की काय सांगू. तिथला सईस (घोडा सांभाळणारा) त्याला शेरू म्हणतो. किंमत एवढी कमी सांगितलीये की बाबा म्हणाले यात नक्की काहीतरी गोम आहे.

मला इव्हेंटिंग करायचंय. म्हणजे एकाच घोड्यावर ड्रेसाज (ठरलेल्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस कंट्री (रानातल्या अडथळ्यांवरून धाव) आणि शो जंपिंग (मैदानातल्या बारवरून उड्या), तिन्ही. २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला ड्रेसाजच्या सुवर्ण जिंकणाऱ्या टीममध्ये होती तेव्हापासून इकडे ड्रेसाज तरी लोकांना कळतं, इव्हेंटिंग म्हटलं की अजून समजावून सांगावं लागतं.

क्लबमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतात रेसचा घोडा म्हणजे डोकं गरम, पळण्याशिवाय काही येत नाही, त्याच्याकडून ड्रेसाज करून घ्यायचं तर जन्म जाईल. दुसरे म्हणतात क्रॉस कंट्रीला थरोब्रेडसारखा घोडा नाही, डोळे मिटून घे. बाहेरून वॉर्मब्लड (खेळासाठी पैदास केलेला घोडा) आणणं माझ्या आवाक्यातलं नाही त्यामुळे तो विषयच नको. ज्यांनी खरंच असा घोडा रेसमधून काढून तयार केलाय त्यांनी सांगा, काय बघू, काय विचारू, किती वेळ लागतो आणि कशावरून सरळ नाही म्हणायचं. मन गुंतलंय हे खरंय पण पायाने अधू घोडा आणून त्याचेच हाल करायचे नाहीयेत.

पुणेरी_पागा

ताई आधी त्या "डोकं गरम" वाल्यांचं बघू. रेसच्या घोड्याचा दिवस कसा असतो ते त्यांनी पाहिलंय का? पहाटे ट्रॅकवर काम, मग खरारा, आणि उरलेला सगळा दिवस थानात बंद. चंदी (दाणा) भरपूर, वैरण त्या मानाने कमी, मोकळं सोडणं जवळपास नाहीच. असं कुणालाही ठेवलं तर तो बाहेर आल्यावर उड्याच मारणार. तोच घोडा रोज काही तास पॅडॉकमध्ये सोडा, चंदी हळूहळू कमी करून वैरण सतत समोर ठेवा, बऱ्याच घोड्यांचा स्वभाव तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा.

आणि पोटातला अल्सर. रेसच्या घोड्यांमध्ये हा इतका कॉमन आहे की आम्ही आधी तोच गृहीत धरतो. चंदी अर्धी टाकून देतो, तंग आवळताना कान मागे टाकून चावायला येतो, अंग चढत नाही, लोक म्हणतात खोडकर आहे. खोडकर बिडकर काही नसतो, दुखत असतं त्याला. डॉक्टरकडून औषध आणि सतत वैरण, मग बघा.

आता शिकवण्याचं. लोक म्हणतात याला काही येत नाही. येतं हो, फक्त वेगळं येतं. जॉकीला घोडा चालता असतानाच पाय धरून वर टाकतात, त्यामुळे तुम्ही स्टूल ठेवून चढायला गेलात की हा उभाच राहत नाही, ती बदमाशी नाहीये, त्याच्या लेखी माणूस वर येतो तेव्हा चालायचं असतं. जॉकीची रिकीब आखूड, पाय वर दुमडलेले, म्हणजे तुमची पोटरी त्याच्या पोटाला आयुष्यात पहिल्यांदा लागणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं लगाम. रेसमध्ये घोडा लगामावर रेलून पळतो, जॉकी धरून ठेवतो आणि तो त्या आधाराने वेग घेतो. तुम्ही घाबरून दोन्ही हातांनी ओढलं की त्याला कळतं "अजून जोरात". आमच्याकडे एक घोडी आली होती, नवीन मुलगी बसली की अख्खा एरिना भरधाव. उपाय काय केला, तर ओढायचं पूर्ण बंद, मोठ्या वर्तुळावर घ्यायचं, वर्तुळ लहान करत न्यायचं, श्वास सोडायचा, लगाम बोटाबोटाने सैल करायचा. पहिल्यांदा तिने स्वतःहून मान खाली घालून फुरफुर केलं तेव्हा आमचा म्हातारा सईस तिकडून ओरडला, "आता ऐकायला लागली बघा." तिथून ती ड्रेसाज शिकायला लागली.

रेसच्या घोड्याचे फायदे पण बघा ना. ट्रकमध्ये चढायला येतं, नालबंदापुढे उभं राहायला येतं, आंघोळ, बँडेज, लाउडस्पीकर, गर्दी, अनोळखी जागा, सगळं पाहिलेलं असतं. फार्मवरून सरळ आलेल्या घोड्याला हे सगळं शिकवण्यात वर्ष जातं.

महूचे_नाना

बेटा, मी लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमधून (घोडे आणि जनावरं सांभाळणारा विभाग) निवृत्त, आता महूलाच असतो. पुण्याच्या ताईंनी डोक्याचं बरोबर सांगितलं, मी पायांचं सांगतो कारण निर्णय तिथे होणार आहे.

रेसचे घोडे दोन वर्षांचे असतानाच ट्रेनिंगला लागतात, हाडं पक्की व्हायच्या आधी. त्यामुळे सहा वर्षांच्या घोड्याच्या पायावर त्याचा सगळा इतिहास लिहिलेला असतो, वाचता आला पाहिजे. सकाळी कामाआधी, बँडेज काढून किमान काही तास झाल्यावर, पुढच्या पायाच्या नळीमागून अंगठा आणि बोटात धरून वरून खाली ये. दोन दोऱ्या वेगवेगळ्या हाताला लागल्या पाहिजेत, ताठ आणि थंड, दोन्ही पायांत सारख्या. कुठे फुगवटा, कुठे ऊब, कुठे घोडा पाय झटकून घेतो, तिथे थांब. या दोऱ्या म्हणजे टेंडन, ती एकदा ताणली असेल तर बाहेरून बाक आल्यासारखं दिसतं, त्याला बो म्हणतात. जुना, थंड, कडक झालेला बो असलेले घोडे खालच्या लेव्हलवर वर्षानुवर्षं काम करतात, मी पाहिलेत. ताजा असेल तर वर्ष धरून चाल. सस्पेन्सरी लिगामेंट (नळीमागचा आधाराचा पट्टा) गेलेलं असेल किंवा सेसमॉइडला (खुरावरच्या सांध्यामागच्या छोट्या हाडाला) जुनं फ्रॅक्चर असेल तर उड्या मारायच्या घोड्यासाठी माझं उत्तर नाही असं आहे, कितीही देखणा असो.

गुडघे, फेटलॉक (खुरावरचा सांधा), पुढचे खूर आणि पाठ, एवढ्याचे एक्स-रे आणि टेंडनची सोनोग्राफी पुण्यातच करून घे, विकणाऱ्याच्या डॉक्टरकडून नाही, तुझ्या डॉक्टरकडून. इकडे आल्यावर महूचं व्हेटरनरी कॉलेज आहेच. आणि श्वास ऐक, कॅन्टरला (मध्यम धावेला) घशातून घोरल्यासारखा आवाज येतो का ते.

कागद. पासपोर्ट आणि मायक्रोचिप जुळते का बघ. ग्लँडर्सची टेस्ट निगेटिव्ह असल्याशिवाय घोडा हलवायचा नाही, रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. हा आजार माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह जनावर ठेवता येत नाही, कायदाच तसा आहे, त्यामुळे यात कुणी "चालतं हो" म्हणालं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नकोस.

प्रवास पुण्याहून धुळे-सेंधवा मार्गे सहाशे किलोमीटरच्या आसपास. रात्री निघा. मान वर बांधून ठेवू नका, एवढा वेळ डोकं वर राहिलं तर नाकातलं सगळं फुफ्फुसात उतरतं आणि दोन दिवसांनी ताप येतो. दर तीन-चार तासांनी थांबून मान खाली घालू द्या, गवत भिजवून द्या, पाणी पाजा. इथे आल्यावर रोज दोन वेळा थर्मामीटर लाव.

विजयनगरचे_बाबा

मी रायडर नाही, रायडरचा बाप आहे. दोन गोष्टी. एक, घोडा बघायला जाताना सांगून जाऊ नका. आमच्या मुलीसाठी एका डीलरकडे गेलो होतो (नाव घेत नाही), आधी फोन करून गेलो, घोडा तासभर सुंदर चालला, घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी लंगडा. दुखण्याचं औषध देऊन दाखवला होता. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, तपासणीच्या दिवशीच रक्ताचा नमुना घेऊन बाजूला ठेवायला लावा, समोरचा नाही म्हणाला तर परत फिरा.

दोन, किंमत कमी आहे म्हणून खुश होऊ नका. घोड्याची किंमत एकदाच द्यायची असते. चंदी, वैरण, सईसाचा पगार, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, दात, लस, जंताचं औषध, हे थांबत नाही, आणि घोडा सहा महिने आजारी पडला तरी थांबत नाही. घरच्यांसमोर वर्षाचा हिशेब मांडा, त्यात डॉक्टरचा म्हणून वेगळा पैसा ठेवा. आमच्या घरात हे बोलणं उशिरा झालं म्हणून सांगतोय.

रिकीब_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हा धागा वाचून दाखवला, विजयनगरच्या काकांचं वाचून ते एकदम गप्प झाले आणि मग वहीच घेऊन बसले हिशेबाला.

नाना, सरांनी पुण्याला विचारलं, पुढच्या डाव्या पायाला दोन वर्षांपूर्वी सूज होती, विश्रांती दिली आणि परत पळाला असं म्हणतात. रिपोर्ट मागितलाय. माझी अजून एक शंका. आमच्याकडे सर म्हणतात आणल्यावर लगेच कामाला लावा नाहीतर बिघडतो, आणि क्रॉस कंट्रीच आधी चालू करा कारण त्याला मोकळं पळायची सवय आहे, ड्रेसाज मागून येईल. मला हे पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये.

ग्वाल्हेरकर

तुला पटत नाहीये ते बरोबर आहे, आणि कारण आकड्यांतच आहे. १२०० मीटरची रेस साधारण ७० सेकंदांच्या आसपास संपते, म्हणजे मिनिटाला हजार मीटर. इव्हेंटिंगमध्ये सगळ्यात वरच्या पाच स्टारला क्रॉस कंट्रीचा वेग आहे मिनिटाला ५७० मीटर, एक स्टारला ५००, आणि तू ज्या नवशिक्या क्लासमध्ये उतरशील तिथे त्याहून कमी. म्हणजे शेरूला जे येतं त्याच्या निम्म्या वेगाने त्याला जायचंय, आणि त्या वेगात उतार, चढ, पाणी, खड्डा, लाकडाचा ओंडका बघून स्वतःचं पाऊल मोजायचंय. तिथे अडथळे पडत नाहीत, ते जमिनीत पक्के असतात. सपाट ट्रॅकवर इतर घोड्यांच्या घोळक्यात पळालेल्या घोड्याला यातलं काहीच माहीत नसतं. मोकळ्या रानात लगाम सैल सोडला की तो पहिल्या अडथळ्याआधीच रेसमध्ये जातो, मग अडथळ्यावरून सपाट उडी मारतो, आणि पक्क्या लाकडाला पाय लागला की घोडा कोलांटतो. घोडा आणि माणूस दोघेही जातात त्यात. म्हणून क्रॉस कंट्री सगळ्यात शेवटी, सरांना माझा नमस्कार सांगून हे सांग.

स्कोअर पण बघ. ड्रेसाजचे टक्के शंभरातून वजा करून पेनल्टी लागते, त्यावर क्रॉस कंट्रीला एक नकार (घोडा अडथळ्यापुढे अडला) म्हणजे २०, त्याच अडथळ्यावर दुसरा नकार ४०, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला ०.४, शो जंपिंगला एक बार पडला की ४. खालच्या क्लासमध्ये बऱ्याच ठिकाणी फार जोरात आलात तरी पेनल्टी असते. म्हणजे वेगाने काही जिंकत नाही इथे. शांत घोडा जिंकतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या क्लबमधल्या ड्रेसाजची काळजी करणाऱ्यांची खरी आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून इव्हेंटिंगमधून स्टीपलचेस (वेगाने अडथळ्यांची धाव) आणि रोड्स अँड ट्रॅक्स (लांब अंतराची सहनशक्तीची फेरी) काढून टाकलं. आधी त्या लांबलचक दिवसाला थरोब्रेडचा दम लागायचा, आता ड्रेसाजचं वजन वाढलं आणि मोठ्या चालीचे वॉर्मब्लड पुढे आले. आपला फवाद मिर्झा २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये सिल्व्हर जिंकला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तेविसावा आला तो वॉर्मब्लडवरच. पण रेसमधून आलेले घोडे संपले असं कुणी म्हणत असेल तर त्याला नेव्हिल बार्डोसचं सांग. ऑस्ट्रेलियात रेसमध्ये चालला नाही, कवडीमोलाने विकला गेला, बॉइड मार्टिन या रायडरने तयार केला. २०११ च्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियात तबेल्याला आग लागली त्यातून हा वाचला, धुराने घसा भाजलेला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये इंग्लंडला बर्लीच्या मोठ्या स्पर्धेत सातवा आला. बॉइडचाच ब्लॅकफूट मिस्ट्री, तोही रेसमधला, २०१६ ला रिओ ऑलिंपिक खेळला. जंपिंगमध्ये टच ऑफ क्लास नावाची घोडी होती, रेसमध्ये सहा वेळा पळाली एकदाही जिंकली नाही, आणि १९८४ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रायडर जो फार्गिसबरोबर दोन गोल्ड. अमेरिकेत तर अशा घोड्यांसाठी वेगळी स्पर्धाच असते, थरोब्रेड मेकओव्हर म्हणून, ब्रिटनमध्ये रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही संस्था २००० पासून आहे. आपल्याकडे असं काही मोठ्या प्रमाणावर झालं पाहिजे, मला यावर तळमळून लिहावंसं वाटतं. आपल्या रायडिंग स्कूलांचा भार वर्षानुवर्षं रेसमधून निघालेल्याच घोड्यांनी वाहिलाय, पण त्यांना नीट शिकवून पुढे न्यायची पद्धत नाही, पळायचं थांबलं की कुठे वरातीत, कुठे बग्गीला, कुठे नुसताच पडून.

पुणेरी_पागा

ग्वाल्हेरच्या दादांशी सहमत, फक्त एक भर. क्रॉस कंट्री शेवटी म्हणजे रान शेवटी असं नको. चालत चालत, दुसऱ्या शांत म्हाताऱ्या घोड्यामागे, रस्त्याने, शेताच्या बांधावरून, ओढ्यातून पहिल्यापासून न्या. जमिनीवर पडलेला ओंडका चालीने ओलांडू दे. याने पाय बघून टाकायला शिकतो आणि डोकं निवतं. एरिनात रोज गोल गोल फिरवून कुठलाच घोडा शहाणा झाला नाही. आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखं काम द्या, रेसमध्ये एकाच बाजूने वळायची सवय लागलेली असते, एक बाजू कडक मिळेल.

महूचे_नाना

"लगेच कामाला लावा" याबद्दल. नको. आल्यावर दोन-तीन महिने काहीच नाही, मोकळा सोडायचा, चंदी उतरवायची, पातळ अॅल्युमिनियमचे नाल काढायचे, खूर वाढू द्यायचे. अंग उतरेल, पोट सुटेल, लोक म्हणतील घोडा खराब केला. ऐकू नकोस, ते रेसचे स्नायू आहेत, ते जाऊन दुसरे यायचे असतात. मग चाल आणि दुडकी, लांब लगामावर. जमिनीवरचे पोल आणि छोटा क्रॉस (फुलीसारखे लावलेले दोन बार) नंतर, बाहेरच्या कोर्सवरच्या उड्या दुसऱ्या हिवाळ्यात. पुण्याच्या ताई कदाचित लवकर जातील, त्यांच्याकडची जमीन वेगळी आहे. आपल्या माळव्याची काळी माती पावसात पाय धरून ठेवते, घोडा ओढून काढतो तिथे टेंडन जातं, आणि मेमध्ये तीच माती दगड होऊन भेगा पडतात. ज्याला आधीच डाव्या पायाला सूज येऊन गेलीये त्याला या दोन्ही मोसमांत वाळूच्या एरिनाबाहेर उडी नको. पावसाळा संपल्यावर ओल असते ते दिवस आपले सोन्याचे, त्यांचा उपयोग कर.

१९८२ ला दिल्लीच्या एशियाडमध्ये रघुबीरसिंगांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक आणि टीमचं असं दोन्ही सोनं आणलं. आम्ही तेव्हा तरुण होतो, आमच्या पागेत मिठाई वाटली होती. हा खेळ आपल्या लोकांना येतो, घाई तेवढी नडते.

डाव्या पायाचं. दोन वर्षांपूर्वी सूज आणि त्यानंतर परत पळाला, हे ऐकायला ठीक आहे पण मला त्यानंतरच्या रेसच्या तारखा पाहिजेत, मध्ये किती अंतर पडलं ते. लांब अंतर दोनदा दिसलं तर पाय दोनदा गेलाय असं समज. सोनोग्राफी दोन्ही पायांची करायला सांग, एकाची नाही, तुलना करता आली पाहिजे. रिपोर्टचा नुसता कागद घेऊ नकोस, मूळ फाइल माग. आली की मला मेसेजमध्ये पाठव, कॉलेजमध्ये माझा एक विद्यार्थी आहे, त्याच्याकडून पण बघून घेऊ. तोपर्यंत टोकन रक्कम देऊ नकोस.

रिकीब_इंदूर

नाना, आजच तारखा मागवल्या. सरांशीही बोलले, दुसऱ्या हिवाळ्याचं ऐकून नाराज झाले पण पॅडॉक मोकळा करून द्यायला तयार आहेत. फाइल आली की पाठवते. सोनोग्राफी खराब निघाली तर घेणार नाही असं बाबांना सांगितलंय, पण मग त्याला कुणी घेईल असं घर शोधायला पुण्याच्या ताई मदत कराल का?

पुणेरी_पागा

करेन, नक्की. आमच्या ओळखीत एकजण फक्त चालीला आणि हलक्या राइडला घोडा शोधताहेत, उड्या नकोत त्यांना. आधी फाइल येऊ दे.